फोडलेली जोडी

२ सप्टेंबर, बुधवार

मास्तरांनी पुन्हा जोड्या फोडल्या! म्हणजे आता महिनाभर मी दोन पायांत दोन वेगळे बूट घालून गावभर हिंडायचं आणि लोकांनी खाली बघून हसायचं. आधीच माझे पाय असे, की दुकानात बायकांच्या फळीवर माझं मापच नसतं. म्हणून तर बुटांच्या कारखान्यात, मास्तरांच्या हाताखाली, चाचणीच्या कामावर चिकटले. त्यांना पुरुषी मापाची बाई हवीच होती.

पद्धत लिहून ठेवते, नाहीतर माझाच गोंधळ होतो. नव्या बुटात आणि जुन्यात खरा फरक किती, हे कळायचं तर दोन्ही एकाच माणसाच्या पायात हवेत. म्हणून माझ्या डाव्या पायात नवा – तळ चौकड्यांचा. उजव्यात जुना – तळ आडव्या खाचांचा. उरलेले दोन गेले धाकट्याला. त्याच्या उजव्यात चौकड्या, डाव्यात खाचा. थोडक्यात, माझ्या नव्या बुटाचा जोडीदार माझ्या भावाच्या पायात. दोघांचं माप एकच, दोघं एकाच खात्यात, त्यामुळे मास्तर आमच्यावर खूश.

मी रोजच्या वापराची – रस्ता, बस, फरशी, बाजार. तो डोंगरवाटांचा. बूट ‘जलरोधक’ म्हणून विकायचेत. मास्तर म्हणाले, "डाव्यात पाणी शिरून दाखव, चहा माझ्याकडून."

आईला सांगितलं तर तिने नाक मुरडलं. "जोडी फोडायची नसते गं." म्हटलं, अगं बूट आहेत ते! तर म्हणे, "बूट असले म्हणून काय झालं."

४ सप्टेंबर, शुक्रवार

डावा फरशीवर कुईकुई वाजतो. वाचनालयात सगळ्यांनी माना वळवून बघितलं. जिन्यावर मात्र पकड छान. ओल्या फरशीवर मात्र नव्याचा तळ घसरतो, जुना नाही – मास्तरांना हे आवडणार नाही.

गच्चीवर बादली भरून त्यात उभी राहिले. आई वर आली, बघितलं आणि खाली गेली. थेंब नाही शिरला! पण बसमध्ये पाय अक्षरशः शिजतो. बाहेरचं पाणी आत येत नाही, तसा आतला घामही धड बाहेर जात नाही. रोजच्या वापराला हे बूट म्हणजे भर उन्हात घोंगडी पांघरणं. कागदावर लिहिलं – ‘घाम : मध्यम’. इथे खरं लिहिते. भरपूर!

६ सप्टेंबर, रविवार

धाकट्याला सर्दी. सकाळीच माझ्या खोलीच्या दारात पांघरूण गुंडाळून उभा. "होडीताई, आजचा डोंगर तू मार ना." (होडी म्हणजे माझे पाय. लहानपणापासून हेच.) कामाची अदलाबदल मास्तरांना चालत नाही, पण त्यांना सांगतंय कोण? गेले.

पूर्वेची कड. मस्त हवा. ओढा घोट्याच्या वर होता, मुद्दाम मध्ये जाऊन उभी राहिले. उजव्या जुन्यात शिवणीतून गारवा आला. डावा आतून ठणठणीत कोरडा! मान गये मास्तर. कड्याखाली चिकट चिखल होता, त्यात दोन्ही पाय जोरात आपटून बघितले – कुठला तळ चिखल लवकर सोडतो ते. चौकड्या जिंकल्या.

उतरताना डाव्याची मान नडगीला लागते. पट्टी लावली.

संध्याकाळी धाकटा लिंबूपाणी पीत पडला होता. "पूर्वेची कड तू उरकलीस, म्हणजे माझी सुटका. आता मी मला हवं तिकडे जाणार!" म्हटलं, मास्तरांच्या फळ्यावर तुझ्या नावापुढे पूर्वच लिहिलंय. "मग लिहिलेलं राहू दे की!"

८ सप्टेंबर, मंगळवार

धाकटा सकाळी गेला तेव्हा मी दात घासत होते. जिन्यावरून कुईकुई ऐकू आली फक्त. दुपारपर्यंत येतो म्हणाला होता आईला.

अजून आलेला नाही. फोन लागत नाही. आई म्हणते, गप्पा मारत बसला असेल कुठेतरी. तीन वेळा म्हणाली.

९ सप्टेंबर, बुधवार

शोधपथक डोंगरावर गेलंय. त्यांचा प्रमुख दाढीवाला, धीराचा माणूस. मास्तरांनी फळ्यावरची वाट दाखवली – पूर्वेची कड. मीही मान डोलावली. दुसरं काय सांगणार? डोकं चालतच नाही.

१० सप्टेंबर, गुरुवार

काही नाही.

११ सप्टेंबर, शुक्रवार

ठसे सापडले!! पूर्वेच्या कड्याखाली, वाळलेल्या चिखलात. एक चौकड्यांचा, एक खाचांचा. दाढीवाल्याने खाली येऊन सांगितलं, "असे दोन तऱ्हेचे बूट घालून दुसरं कोण फिरणार? तो इथूनच गेलाय." आई त्या माणसाचा हात सोडेना. कड्याखालची घळ आता इंचाइंचाने बघणार आहेत.

मी दिवसभर पायथ्याला उभी होते. कोरड्या मुरमावर, एका जागी. घरी येऊन बूट काढले तर डावा आतून ओला. उजवा कोरडा. घामच असणार. जीव टांगणीला लागल्यावर पायांनाही घाम येत असेल. पण एकाच पायाला?

१२ सप्टेंबर, शनिवार

घळीत काही नाही.

आज चपला घालून गेले होते. बूट दाराशी होते, कुणी हात लावला नाही. दुपारी कपडे बदलायला घरी आले, सहज डाव्यात हात घातला – ओला. आणि कोमट. नुकताच कुणीतरी पाय काढून घेतल्यासारखा. हात झटकन मागे घेतला.

आईला विचारलं, तू घातलास का? ती माझ्याकडे बघतच राहिली. बरोबरच आहे. तिचं पाऊल एवढंसं, त्या बुटात तिला वल्ही मारावी लागतील.

१३ सप्टेंबर, रविवार

मी चाचणीवाली आहे. मला भुताखेतांचं सोंग जमत नाही. मला मोजायला येतं.

मास्तरांकडून कारखान्याची किल्ली मागून आणली, सुट्टी असूनही. डावा बूट वाळवण्याच्या पेटीत सुकवला, आत कागदाचे बोळे भरले, वजन केलं, आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. उजवा त्याच्याच शेजारी. मग खुर्ची टाकून बसले. दुपारी उघडलं. उजव्याचं वजन होतं तेवढंच. डावा जड. बोळे भिजून लिबलिबीत.

मास्तर तेवढ्यात स्वतःच आले – घरी चैन पडत नव्हतं म्हणाले. त्यांना दाखवलं. "हवेतली ओल धरली असेल अस्तराने." मग उजव्याने का नाही धरली? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू जरा झोप काढ," म्हणाले.

झोप कसली. बोट ओलं करून जिभेला लावून बघितलं. खारट. पाणी नाही ते, घाम आहे. माणसाचा. चालणाऱ्या माणसाचा!

आता लिहूनच टाकते. त्या बुटाचा जोडीदार धाकट्याच्या उजव्या पायात आहे. तो चालतोय. तो जिवंत आहे.

कुणाला सांगू? आईला नाही. तिला आशा लावायची आणि मग काही भलतंच झालं तर?

१४ सप्टेंबर, सोमवार

आतलं सोल काढून उजेडात धरलं. घामाने काळसर ठसा उमटलाय – टाच, चवडा, बोटं. माझा नाही, मी तर तीन दिवस तो घातलेलाच नाही. ठशात अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब आहे. धाकट्याचं तसं आहे का? आठवत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाची बोटं कोण बघतं? ओल पसरून तसं दिसत असेल.

(नंतर)

अरे देवा. अरे देवा!

दाढीवाल्याने ठशांचे फोटो फोनवर पाठवले होते, ते आज पहिल्यांदा नीट बघितले. डावं पाऊल चौकड्यांचं. उजवं खाचांचं. ते उलटं हवं! धाकट्याच्या उजव्यात चौकड्या आहेत. डाव्यात चौकड्या – ती मी. रविवारी चिखलात पाय आपटले होते मी, जोरात, छान उमटावेत म्हणून! आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन वेगळे तळ म्हणजे धाकटा, असंच सगळ्यांनी धरलं. मास्तरांनी धरलं. ज्या बाईच्या पायाचे ठसे होते तिनेही धरलं.

धावत पायथ्याला गेले. दाढीवाला चहा पीत होता. फोटो पुढे धरून सगळं सांगितलं. त्याने पेला खाली ठेवला आणि फोटो मोठा करून पुन्हा बघितला.

"म्हणजे ताई, आम्ही इतके दिवस तुम्हाला शोधतोय?"

रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाला, "डोंगराला चारी बाजू आहेत. माणसं दमलीत. कुठे बघू ते सांगा. उद्या-परवा वरचे साहेब शोध थांबवा म्हणतील."

कुठे ते मला माहीत असतं तर!

१५ सप्टेंबर, मंगळवार

डावा बूट कपाटातून काढून घरी आणला आणि मांडीवर घेऊन बसले. उलटा करून झटकला. आतून काहीतरी पडलं – तांबडी भुकटी आणि नखाएवढे पापुद्रे. गंज. लोखंडाचा गंज! कुलूपबंद कपाटातल्या बुटात.

डोंगरावर लोखंड कुठे आहे? पश्चिमेच्या अंगाला. बंद पडलेला जुना रोपवे. लहानपणी बाबा लांबून दाखवायचे आणि तिकडे पाऊल टाकलंत तर तंगडं मोडीन म्हणायचे. आणि धाकटा तेव्हापासून म्हणतोय, एकदा तरी त्या यंत्राच्या खोलीत जाऊन बघायचंय. ‘मला हवं तिकडे जाणार!’ किती मूर्ख आहे मी. मला गंजाची गरजच नव्हती, नुसतं आठवायचं होतं.

दाढीवाल्याला बुटाबद्दल नाही सांगितलं. रोपवेबद्दल सांगितलं. "आधी का नाही बोललात?" म्हणाला आणि उत्तर न ऐकताच दोरांच्या पिशव्या उचलायला लागला. पलीकडून वळसा घालून जावं लागतं. पहाटे निघणार.

आई दाराशी बसून आहे. मी तिच्याशेजारी बसले. तिने विचारलं, "त्या बुटाला सारखी काय कुरवाळतेस?" म्हटलं, सुकवतेय.

१६ सप्टेंबर, बुधवार

सापडला! जिवंत!! यंत्राच्या खोलीत. घोटा मोडलाय, ओठ फुटलेत, पण बोलतोय. मला बघून म्हणाला, "होडी आली." मी भर रस्त्यात भोकाड पसरलं. आई रडली नाही. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "अंघोळ कर आधी." मग सगळेच हसले आणि मग ती रडली.

१७ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर दवाखान्यात त्याच्या उशाशी. हळूहळू बोलतो, मध्येच झोपतो.

जसं सांगितलं तसं लिहिते. पहिल्याच दिवशी दुपारी लोखंडी जिन्याची पायरी तुटली, तो खाली पडला. उजवा घोटा गेला. सरपटत यंत्राच्या खोलीत शिरला. छतातून पाणी ठिबकत होतं, त्यावर निभावलं. फोनचा चुरा झालेला. पाय भोपळ्यासारखा सुजला म्हणून बूट काढला, आणि ओरडून कुणी आलं तर खूण दिसावी म्हणून दाराबाहेर पायरीवर ठेवला. 

"सकाळी बूट नव्हता, ताई. कोल्ह्याने नेला असेल."

मी विचारलं, कुठल्या सकाळी? "दुसऱ्याच." नक्की? "नक्की म्हणजे काय, पायात नव्हता माझ्या! डावा होता फक्त. विचार त्या दाढीवाल्याला."

विचारलं. दाढीवाला म्हणाला, हो, एकाच पायात बूट होता. खाचांचा. दुसरा शोधायला कुणाला वेळ होता?

पुन्हा खोलीत आले तर धाकटा छताकडे बघत होता. म्हणाला, "वेड्यात काढशील. पण तिथे कुणीतरी फिरायचं. रोज, दिवसा. इमारतीभोवती गोल. एक पाय कुईकुई वाजायचा आणि एक नुसता थप्. अनवाणी असल्यासारखा."

तू हाक नाही मारलीस?

"घसा फुटेस्तोवर मारल्या. थांबायचं दाराशी. फटीतून माझा बूट दिसायचा, टोक आतल्या बाजूला. पुढे यायचं नाही, बोलायचं नाही. मग मी म्हटलं – कोणी का असेना, निरोप तरी देईल. म्हटलं, माझ्या ताईला कळवा मी इथे आहे. पत्ता सांगितला सगळा, जिना सांगितला, मजला सांगितला. म्हटलं एवढं करा, मग घरी या आमच्या. आई जेवू घालेल. राहा हवे तितके दिवस."

हसला. "भुकेने डोकं फिरलेलं, ताई. भास होणारच ना?"

म्हटलं, होणारच.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

तो झोपला असताना चादर बाजूला करून त्याची बोटं बघितली. अंगठा मोठा. शेजारचं बोट आखूड. दोन्ही पायांचं.

घरी आल्यावर डाव्या बुटात हात घातला. कोमट.

१९ सप्टेंबर, शनिवार

मास्तर फळं घेऊन दवाखान्यात आले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझा डावा आणून दे, फाडून अस्तर बघतो." द्यायला हवा होता. नको म्हटलं. का म्हटलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. फाडला तर त्याला राग येईल असं वाटलं. त्याला – म्हणजे कुणाला?

उपकार आहेत त्याचे. हेही लिहून ठेवते. भाऊ परत मिळालाय तो त्याच्यामुळे. निरोप सांगितला त्याने, त्याला जमला तसा. तोंडाने नाही जमला, तर पायाने.

२० सप्टेंबर, रविवार

धाकटा घरी आला. पायाला प्लास्टर, हातात काठी, तोंड नेहमीसारखं सुरू. आईचं स्वयंपाकघरातून पाऊल बाहेर पडत नाही. घर पुन्हा घरासारखं वाटतंय. आज मी दोनदा खरंखुरं हसले.

दुपारी बूट झटकला. गंज नव्हता. लाकडाचा भुसा पडला, ताजा, वासाचा. लाकडाची वखार डोंगराच्या पायथ्याला आहे. या अंगाच्या.

२१ सप्टेंबर, सोमवार

कामावर गेले. मास्तरांना दुसरी चाचणी मागितली, म्हटलं कोणतेही बूट द्या, फक्त एका जोडीतले द्या. त्यांनी नव्याचा अहवाल मागितला. लिहिला : ‘डोंगरवाटेवर उत्तम. ओढ्यात उभं राहूनही आत थेंब नाही. रोजच्या वापरात पाय घामेजतो. ओल्या फरशीवर घसरतो. बाहेरून काहीही आत येत नाही.’ शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि खोडलं.

घरी येताना पुलाजवळ रस्त्याचं काम सुरू, सगळीकडे गरम डांबराचा वास. मी दुसऱ्या बाजूने आले.

जिन्यावर चिठ्ठी लागलीय, या आठवड्यात रंगकाम आहे, भिंतींना टेकू नये.

२२ सप्टेंबर, मंगळवार

बुटात डांबराचे कण. चिकटलेले. खरवडून काढावे लागले.

पुलापासून आमचं घर चालत किती? फार नाही.

२३ सप्टेंबर, बुधवार

बूट कचऱ्यात टाकायला निघाले होते. पिशवीत घातला, गाठ मारली, जिन्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. टाकला तर तो कुठवर आलाय हे कळणार कसं?

धाकट्याला विचारलं, सहज विचारल्यासारखं – तू तिकडे नक्की काय शब्द वापरलेस? या म्हणालास, की येऊन जा म्हणालास? तो टीव्ही बघत होता. "‘या’ म्हटलं. ‘आमच्याकडेच राहा’ म्हटलं. तुला का एवढं पडलंय?" मग माझ्याकडे बघून आवाज बंद केला. "ताई, तो भास होता ना?"

होता रे, म्हटलं. त्याच्या केसांतून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

मला भीती वाटतेय. स्पष्ट लिहिते. ज्याने भाऊ परत दिला त्याला दारातून हाकलायचं कसं, हेही कळत नाही. आणि तो नुसतंच जेवून जाईल का, तेही.

आज रजा टाकली उद्याची. धाकट्याला एकटं सोडणार नाही.

२४ सप्टेंबर, गुरुवार

रंगारी सकाळीच आले. जिना खरवडून पुट्टी भरतायत, सगळ्या पायऱ्यांवर ओला पांढरा थर. त्यांच्यातला म्हातारा वर येऊन बजावून गेला, वाळेपर्यंत कुणी खाली उतरू नका. आम्ही तिघंही सकाळपासून घरात आहोत.

आत्ता दुपारी बूट बघितला. ओला, कोमट. टाचेपाशी पांढरी पुट्टी, अजून ओली.

आई स्वयंपाकघरातून विचारतेय – पानं किती घेऊ?